उष्मांकांचा जमाखर्च आणि स्नायूंची पुंजी

ज्या घरात जमाखर्च नियमाने लिहिला जातो, त्या घरात पैसा कोठे गेला याविषयी सहसा वाद होत नाहीत. शरीराच्या बाबतीत मात्र सुशिक्षित मनुष्यही असा हिशेब क्वचितच ठेवतो. चाळिशी उलटली, कमरेचा पट्टा एक भोक सैल करावा लागला, डॉक्टरांनी रक्तातील साखरेविषयी सावध केले, की तो एकदम भात सोडतो, रात्रीचे जेवण बंद करतो आणि महिन्याभरात काट्यावर चार किलो उतरलेले पाहून समाधान पावतो. त्या चार किलोंत मेद किती होता आणि स्नायू किती होते, हा प्रश्न त्याला सुचत नाही. वस्तुतः वजन उतरविण्याच्या सगळ्या खटाटोपात महत्त्वाचा प्रश्न हाच होय.

हिशेबाचे नाणे म्हणजे उष्मांक. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता म्हणजे आहारशास्त्रातील एक उष्मांक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील विल्बर ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने मनुष्य काही दिवस राहू शकेल अशी बंदिस्त खोली तयार करून घेतली आणि त्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजली. एक ग्रॅम प्रथिनापासून किंवा पिष्टमय पदार्थापासून सुमारे ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ उष्मांक मिळतात, हे त्याच्या संशोधनातून निघालेले ढोबळ आकडे आजही वापरात आहेत. भारतीय अन्नपदार्थांचे पहिले महत्त्वाचे कोष्टक डॉ. आयक्रॉइड यांनी निलगिरीतील कुन्नूर येथील प्रयोगशाळेतून १९३७ मध्ये प्रसिद्ध केले. ती प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. तिने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत ५२८ पदार्थांची माहिती आहे. तेव्हा ज्वारी, मटकी किंवा शेंगदाणे यांचा हिशेब करण्यासाठी परदेशी पुस्तके चाळण्याचे कारण उरलेले नाही.

प्रथम खर्चाची बाजू पाहावी. बैठे काम करणाऱ्या मनुष्याचा सुमारे दोन तृतीयांश खर्च तो स्वस्थ पडून असतानाही होत असतो. हृदय, यकृत, मेंदू आणि मूत्रपिंडे यांना सुट्टी नसते. अन्नाच्या पचनासाठी सुमारे एक दशांश खर्ची पडतो आणि उरलेला हालचालीकडे जातो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरविलेल्या प्रमाणानुसार ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाची दैनंदिन गरज २११० उष्मांक, तर ५५ किलो वजनाच्या स्त्रीची १६६० उष्मांक आहे. हे आकडे सरासरीचे आहेत. व्यक्तीव्यक्तीत थोडा फरक असणारच.

जमेची बाजू स्वयंपाकघरात सापडते. तीस ग्रॅम कणकेच्या पोळीचे, वर तूप न लावल्यास, सुमारे १०० उष्मांक होतात. साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीचे सुमारे २०० होतात. तेलाच्या एका चहाच्या चमच्याचे मात्र ४५, आणि मूठभर म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यांचे सुमारे १६० होतात. समजा, दिल्लीच्या एखाद्या कचेरीतील गृहस्थ दिवसातून चार वेळा दोन चमचे साखरेचा, दुधाळ चहा घेतात आणि संध्याकाळी घरून आलेला चिवडा वाटीभर खातात. एवढ्यातच पाचशेच्या आसपास उष्मांक जमा होतात, आणि दोष मात्र भाताच्या माथी मारला जातो. तेलाचा अंदाज घेण्याची सोपी युक्ती अशी की, महिन्याला घरात किती तेल संपते ते पाहावे. चौघांच्या घरात चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे तीस ग्रॅम, म्हणजे २७० उष्मांक, केवळ तेलातून जातात.

हा हिशेब जन्मभर लिहीत बसण्याची गरज नाही. पंधरा दिवस कणीक, तांदूळ, डाळ आणि तेल शिजविण्यापूर्वी तोलून घ्यावे व वहीत किंवा भ्रमणध्वनीवर नोंदवावे. पुढे डोळ्यांनाच माप कळू लागते. अंदाजावर मात्र विसंबू नये. आहार कमी करूनही वजन उतरत नाही अशी तक्रार करणाऱ्या व्यक्तींची अमेरिकेत तपासणी झाली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तपासणीत, त्या आपले खाणे सरासरीने ४७ टक्के कमी सांगत आणि हालचाल ५१ टक्के अधिक सांगत, असे आढळले. त्या खोटे बोलत होत्या असे नव्हे. चालता चालता तोंडात टाकलेला घास स्मरणात राहत नाही, एवढेच. म्हणून वहीचा ताळा काट्याशी घालावा. रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढावी. एक किलो मेदात सुमारे ७७०० उष्मांक साठलेले असतात. गरजेपेक्षा रोज ३०० ते ५०० उष्मांक कमी घेतल्यास आठवड्याला पाव ते अर्धा किलो वजन उतरावे, आणि पुढे तो वेग मंदावावा, हे स्वाभाविक आहे.

याहून अधिक घाई केल्यास काय होते, याचे उत्तर १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात मिळाले. महायुद्धाने उपासमारीत लोटलेल्या लोकांना पुन्हा कसे पोसावे हे समजावे, म्हणून ॲन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहणे पत्करले. त्यांना रोज सुमारे १५७० उष्मांक मिळत आणि भरपूर चालावे लागे. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांश घटले. पण त्याबरोबर शक्ती गेली, नाडी मंदावली, थंडी सोसेना, स्वभाव चिडचिडा झाला आणि मनात अन्नाशिवाय दुसरा विषय राहिना. शरीराने आपला खर्चच छाटून टाकला होता. पुढे अन्न मिळू लागल्यावर मेद लवकर परतला, स्नायू मात्र सावकाश भरले. कडक उपासाने वर्षातून दोनदा वजन उतरविणाऱ्या आणि दोनदा चढविणाऱ्या मनुष्याच्या बाबतीत थोड्याफार प्रमाणात हेच घडते. काट्यावर तो पूर्वीच्याच आकड्यावर येतो, पण आतून अधिक मेदयुक्त आणि अधिक दुबळा झालेला असतो.

भारतीयांना ही हानी विशेष महागात पडते. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिनांचे ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के भरले. पुणे परिसरातील खेड्यांतील नवजात बालकांच्या अभ्यासातही, वजनाने हलकी असूनही या बालकांतील मेद त्या मानाने टिकून असतो, तूट पडते ती स्नायूंत, असे दिसले. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ या निर्देशांकावर आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर धरतात. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणावर सामावून घेणारे कोठार म्हणजे स्नायू. ते कोठारच मुळात लहान असेल, तर उपासाने ते आणखी आकुंचित करणे शहाणपणाचे ठरत नाही. व्यायामाविना केलेल्या उपासात उतरलेल्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा मेदाव्यतिरिक्त असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या इशाऱ्याचे गांभीर्य कळते.

ही पुंजी राखण्याचा उपाय म्हणजे शक्तिवर्धक व्यायाम. एक गैरसमज मात्र आधीच दूर केला पाहिजे. स्नायू वाढविल्याने बसल्या जागी भरमसाट उष्मांक जळतात असे नाही. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला सुमारे १३ उष्मांकच खर्च करतात. व्यायामाचा हेतू निराळा आहे. ज्या स्नायूला रोजचे काम आहे, त्याला शरीर टिकवून धरते. ज्याला काम नाही, त्याला टंचाईच्या काळात आधी विकून खाते.

या व्यायामाचे मुख्य सूत्र आहे भार क्रमाक्रमाने वाढविणे. महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांवर उपचार करताना अमेरिकेतील डॉ. थॉमस डिलोर्म यांनी १९४५ मध्ये ही पद्धत शास्त्रीय रीतीने मांडली. महाराष्ट्रातील तालमींना तिचे मर्म अपरिचित नव्हते; हलक्या मुद्गलांवर हात बसल्यावर पठ्ठ्याला जड जोडी दिली जाई. शंभर बैठका सहज निघू लागल्या, की दीडशे काढल्याने दम वाढतो, परंतु बळ फारसे वाढत नाही. बळासाठी ओझेच वाढवावे लागते.

यासाठी महागडी व्यायामशाळा हवीच असे नाही. झाकणाचा, भक्कम कडीचा पाण्याचा डबा पुरतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, त्यामुळे अर्ध्या अर्ध्या लिटरने भार वाढविता येतो. खुर्चीवर बसून उठणे, प्रथम भिंतीला, मग टेबलाला आणि शेवटी जमिनीला हात टेकून जोर काढणे, वाकून डबा कमरेकडे ओढणे, पाठ सरळ ठेवून तो जमिनीवरून उचलणे आणि तो हातात धरून चालणे, या पाच क्रियांत शरीराचे सर्व मोठे स्नायू येतात. चालणे वगळता प्रत्येक क्रिया आठ ते बारा वेळा आणि अशा दोन किंवा तीन फेऱ्या कराव्यात. शेवटची दोन आवर्तने कष्टाची वाटली पाहिजेत, पण ठेवण बिघडता कामा नये. बारा आवर्तने सुखाने होऊ लागली, की भार वाढवावा. उचलताना श्वास सोडावा, कोंडू नये. मध्ये एक दिवस विश्रांती देऊन आठवड्यातून दोन-तीन वेळा एवढे पुरेसे आहे. उरलेल्या दिवशी चालावे.

वय झाले, ही सबब येथे चालत नाही. १९९० मध्ये बॉस्टन येथे नव्वदीच्या घरातील दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांचा असा व्यायाम दिला, तेव्हा त्यांची शक्ती सरासरीने १७४ टक्के वाढली. स्त्रियांनाही पुरुषांसारखे पिळदार दंड येण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. उलट उतारवयात ठिसूळ होणाऱ्या हाडांना या भाराने आधारच मिळतो.

स्नायूंना कामाबरोबर वेतनही हवे, आणि ते वेतन म्हणजे प्रथिने. सामान्य गरज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. आहार कमी करून व्यायाम करणाऱ्याने ती सुमारे १.२ पर्यंत न्यावी. पासष्ट किलोच्या मनुष्याला हे सुमारे ७८ ग्रॅम होतात. पातळ वरणाच्या एका वाटीत जेमतेम चार-पाच ग्रॅम असतात, त्यामुळे शाकाहारी मनुष्य येथे हमखास कमी पडतो. पाच पोळ्या, साठ ग्रॅम डाळीचे घट्ट वरण, पन्नास ग्रॅम मटकीची उसळ, अर्धा लिटर दूध किंवा त्याचे दही, पन्नास ग्रॅम पनीर आणि मूठभर दाणे, एवढ्यात सत्तर ग्रॅमचा पल्ला गाठता येतो, आणि तेल मोजून वापरल्यास उष्मांकही सतराशेच्या आत राहतात. अंडी अथवा मासळी खाणाऱ्यांचे काम याहून सोपे. डब्यातून मिळणाऱ्या प्रथिनांच्या भुकटीची सामान्य मनुष्याला गरज नाही.

मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी आहार घटविण्यापूर्वी, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने वाढविण्यापूर्वी आणि हृदयविकार असणाऱ्यांनी ओझे उचलण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी वजन उतरविण्याचा हा मार्ग धरू नये.

तीन महिन्यांनी हिशेब तपासताना केवळ काट्याकडे पाहू नये. बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती मोजपट्टी लावावी आणि हातातील डब्यात पाणी किती वाढले ते पाहावे. घेर कमी झाला असेल आणि भार वाढला असेल, तर गेला तो मेद होय, असे समजण्यास हरकत नाही. मग वजन दोनच किलो का उतरेना. घेर आणि भार दोन्ही घटले असतील, तर मात्र पुंजी मोडून खर्च चालला आहे असे ओळखून ताटात डाळ आणि आठवड्यात व्यायामाचा एक दिवस वाढवावा.