खांदे टेकले का?

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर ६७ व्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा शेवटचा दिवस. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचे पंचांनी जाहीर केले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, व्हिडिओ पाहा, असा राक्षेचा आग्रह होता. वाद चिघळला आणि त्याने पंचाला लाथ मारली. पुढे किताबाच्या कुस्तीत माती विभागातून आलेला महेंद्र गायकवाडही पंचांच्या निर्णयावर नाराज झाला आणि थोडेच सेकंद उरले असताना गादी सोडून निघून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड तीन वर्षांसाठी निलंबित झाले. नंतर चौकशी समितीने राक्षेच्या कुस्तीतला निर्णय चुकीचा ठरवला आणि त्या पंचावरही तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई झाली.

एका दिवसाचा हा जमाखर्च आहे. दोन पैलवान बाद, एक पंच बाद आणि जो जिंकला त्याच्या गदेला कायमचा वाद चिकटलेला. मोहोळने तर काहीच चूक केली नव्हती. तो समोर आलेल्या कुस्त्या लढला आणि पंचांनी हात वर केला म्हणून जिंकला. चुकीच्या पंचगिरीचा भुर्दंड हरणाऱ्याइतकाच जिंकणाऱ्यालाही बसतो, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

गावच्या यात्रेतल्या फडात मात्र निर्णयावरचा वाद इतका महाग पडत नाही. वाडिया पार्कपासून नगर-पाथर्डी रस्त्यावरचे भिंगार जवळच आहे. भिंगारपासून पुढे पाथर्डी, शेवगाव, आष्टीपर्यंतच्या पट्ट्यात यात्रेतल्या कुस्त्यांना हगामा म्हणतात. हलगी कडाडते, फडाच्या कडेला माणसे दाटीवाटीने बसतात, इनामाच्या रकमा पुकारल्या जातात आणि लहान पोरांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते. इथला प्रेक्षक डाव ओळखतो. ढाक कुठे बसली, घिस्सा कुठे फसला, हे त्याला सांगावे लागत नाही. पंच कोण आहे, तो कोणत्या तालमीत घडला, हेही बहुधा त्याला ठाऊक असते. हगाम्यात गुणांचा हिशेब फारसा नसतो. पाठ टेकली की कुस्ती निकाली, नाही तर बरोबरीत सोडवली. निर्णयावरून गलका झाला तर जाणती माणसे मध्ये पडतात आणि इनाम वाटूनही वाद मिटतो.

महाराष्ट्र केसरीच्या गादीवर ही सोय नाही. तिथे बरोबरी नसते. माती विभागातून एक आणि गादी विभागातून एक, असे दोघेच शेवटच्या कुस्तीला उरतात. त्यामुळे विभागाच्या अंतिम फेरीत चुकलेला निर्णय पुढच्या कुस्तीत भरून निघत नाही. पैलवानाचे अख्खे वर्ष तिथे संपते. पहाटेची मेहनत, दूध, तूप, बदाम, थंडाई, घरच्यांनी काढलेले कर्ज, वस्तादाची आशा, हे सगळे त्या एका शिट्टीवर अवलंबून असते.

म्हणून चितपट नेमकी कशी ठरते, हे समजून घेतले पाहिजे. दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकले पाहिजेत. तेवढ्यानेही भागत नाही. वरच्या पैलवानाचा ताबा पूर्ण आहे, हे पंचाला दिसेल इतका वेळ ते खांदे तिथे दाबून धरलेले असले पाहिजेत. उलटापालट होताना दोन्ही खांदे निमिषभर गादीला घासून गेले, तर ती चितपट होत नाही. त्याचे गुण मिळतात. टेकणे आणि दाबून धरणे यांतला हा फरक डोळ्यांनी टिपायचा असतो, तोही सव्वाशे किलोपर्यंतची दोन शरीरे एकमेकांत गुंतलेली असताना.

चांगला पंच हे कसे पाहतो? कुस्ती उभ्याने चालू असते तेव्हा तो पैलवानांपासून अंतर ठेवतो, कारण पाय आणि पकड दोन्ही नजरेत राहायला हवेत. कुस्ती खाली आली की तो जवळ येतो, गुडघ्यावर बसतो आणि गरज पडली तर गादीवर सपशेल पडून खांदा आणि गादी यांच्यातली फट शोधतो. एका बाजूने एकच खांदा नीट दिसतो. दुसरा पैलवानाच्या अंगाआड जातो. म्हणूनच गादीवर एकटा पंच पुरत नाही.

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक कुस्तीला तिघे असतात. गादीवरच्या मुख्य पंचाच्या डाव्या मनगटावर लाल पट्टी असते आणि उजव्या मनगटावर निळी. ज्या रंगाच्या पैलवानाला गुण द्यायचे, त्या रंगाचा हात वर करून तो बोटांनी गुण दाखवतो. दुसरा पंच गादीच्या कडेला बसून आपले मत स्वतंत्रपणे देतो. तिसरा मॅटप्रमुख. पहिल्या दोघांचे जुळले नाही तर त्याचे मत निर्णायक ठरते. चितपट मुख्य पंचाला एकट्याला देता येत नाही. बाजूचा पंच किंवा मॅटप्रमुख यांची संमती मिळाली की मगच तो गादीवर हात आपटतो आणि शिट्टी वाजवतो. प्रशिक्षकाला एखाद्या गुणावर हरकत असेल तर तो स्पंजचा ठोकळा गादीवर टाकतो आणि मग चित्रफीत पाहिली जाते. हरकत फेटाळली तर समोरच्याला एक गुण मिळतो, म्हणून ठोकळा उगाच कोणी टाकत नाही.

ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. एका माणसाचा डोळा चुकू शकतो, हे तिने आधीच गृहीत धरले आहे. पण रचना कागदावर असून चालत नाही. बाजूचा पंच खरोखर स्वतंत्र मत देणारा हवा, मुख्य पंचाकडे पाहून मान डोलावणारा नको. कॅमेरा योग्य कोनात हवा. आणि हजारो माणसांचा आरडाओरडा चालू असताना दहा सेकंद थांबून पुन्हा पाहण्याचे धैर्य मॅटप्रमुखात हवे.

पंचगिरीचे हे दुखणे एकट्या नगरचे नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये स्वीडनचा ग्रीको-रोमन मल्ल आरा अब्राहमियन उपांत्य फेरीतल्या पंचगिरीवर इतका संतापला की, पदक वितरणाच्या वेळी त्याने कांस्यपदक गादीवर ठेवले आणि तो निघून गेला. त्याचे पदक काढून घेण्यात आले. पण क्रीडा लवादाने कुस्तीच्या जागतिक संघटनेलाही सुनावले, की दाद मागण्याची व्यवस्था तिने ठेवायला हवी होती. खेळाडू चुकला म्हणून संघटनेची चूक झाकली जात नाही, हा त्या निकालाचा अर्थ वाडिया पार्कलाही लागू होतो.

नुसते कॅमेरे असूनही भागत नाही. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघटनेकडे पैसा आणि कॅमेरे यांची कमतरता नाही. तिथे मैदानावर सात पंच असतात आणि १९९९ पासून चित्रफीत पाहून निर्णय बदलण्याची सोय आहे. तरीही २० जानेवारी २०१९ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये सेंट्स आणि रॅम्स या संघांच्या बाद फेरीच्या सामन्यात, चेंडू पोहोचण्याआधीच सेंट्सच्या खेळाडूला दिलेली उघड धडक पंचांनी सोडून दिली. ती चूक चित्रफितीवर तपासण्याची मुभा तेव्हाच्या नियमांत नव्हती. जादा वेळेत रॅम्स २६-२३ ने जिंकले आणि सुपर बोल या अंतिम सामन्यात गेले. ओरड झाल्यावर संघटनेने पुढच्या हंगामापुरती ती मुभा दिली, पण प्रयोग फसला आणि वर्षभरातच गुंडाळला. धडक किती जोराची म्हणजे नियमभंग, हे शेवटी माणसालाच ठरवायचे असते. कॅमेरा पुरावा देतो, निवाडा देत नाही.

मात्र त्या संघटनेची एक रीत आपण जरूर घ्यावी. हंगामभर प्रत्येक पंचाचा प्रत्येक निर्णय तपासला जातो, त्याला गुण दिले जातात, आणि सुपर बोलसाठी त्या गुणांवरून पंच निवडले जातात. मोठ्या सामन्याचा पंच ओळखीवर किंवा नुसत्या ज्येष्ठतेवर ठरत नाही. त्याला तिथवर लढत यावे लागते, जसे पैलवानाला यावे लागते.

आपल्याकडे पंचाकडून अपेक्षा मोठ्या आणि त्याच्यामागे आधार तुटपुंजा. शाळेत शिकवणारे, तालमीत मुले घडवणारे, स्वतः कधी लढलेले लोक आवडीपोटी पंचगिरी करतात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत दिलेल्या चार गुणांवरून एवढे वादळ उठले की पंचाला फोनवर धमक्या आल्या. दोन वर्षांनी वाडिया पार्कवर लाथ बसली. राक्षेचा राग खरा होता आणि चौकशीनंतर त्याची तक्रारही खरी ठरली. तरीही पंचावर पाय उचलणे माफ करता येणार नाही, कारण पंच भीतीपोटी निर्णय देऊ लागला तर उद्या कोणत्याच पैलवानाला न्याय मिळणार नाही.

त्यात भर म्हणजे राज्यातल्या कुस्तीची दोन संघटनांत झालेली घरफूट. वाडिया पार्कची स्पर्धा कुस्तीगीर संघाची होती. मार्च २०२५ च्या अखेरीस याच जिल्ह्यात कर्जतला कुस्तीगीर परिषदेची महाराष्ट्र केसरी झाली आणि ती वेताळ शेळकेने जिंकली. एका जिल्ह्यात दोन महिन्यांत दोन महाराष्ट्र केसरी. जिथे किताबच दोन झाले, तिथे पंचांची एक यादी, एक प्रशिक्षण आणि एक शिस्त कोण ठेवणार? १९६१ पासून या किताबाला जो मान मिळत आला, तो एका गदेमागे सगळा महाराष्ट्र उभा राहिल्यामुळे मिळाला.

करायच्या गोष्टी अवघड नाहीत. वर्षभराच्या स्पर्धांतून पंचांचे मूल्यमापन करावे आणि विभागाच्या अंतिम फेरीपासून पुढे त्यातल्या सर्वोत्तम पंचांनाच गादीवर उतरवावे. गादीच्या किमान दोन विरुद्ध बाजूंना कॅमेरे लावावेत आणि या टप्प्यावरची प्रत्येक चितपट जाहीर करण्याआधी चित्रफितीवर पडताळावी. निर्णय कसा झाला, हे मॅटप्रमुखाने ध्वनिक्षेपकावरून दोन वाक्यांत सांगावे. नगरचा प्रेक्षक कुस्ती जाणतो; निर्णयाचे कारण कळले तर तो मानतो. पंचाला वेळेवर मानधन, विमा आणि पोलिसांचे संरक्षण द्यावे. आणि चूक झाली तर चौकशी काही दिवसांत पुरी करून अहवाल लोकांसमोर ठेवावा.

निलंबनाने शिक्षा होते, पंच घडत नाहीत. पुढची स्पर्धा भरवणाऱ्यांना, मग ते संघाचे असोत की परिषदेचे, एवढेच सांगणे आहे: गदा घडवण्याआधी पंच घडवा. मांडव, रोषणाई आणि बक्षिसाची गाडी यांवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग पंचांच्या प्रशिक्षणाला आणि चार चांगल्या कॅमेऱ्यांना दिला, तर पुढच्या महाराष्ट्र केसरीला आपली गदा वादाशिवाय खांद्यावर घेता येईल.