वाकायलाही ताठ कणा लागतो

गेल्या वर्षीची गोष्ट. ईस्टर आठ दिवसांवर आला होता आणि आमच्या वसईच्या घरात साफसफाईची धांदल उडाली होती. शनिवारी कपाट आवरताना लक्षात आले, की आईची आठवण म्हणून जपलेली सोन्याची बारीक साखळी जागेवर नाही!

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी नऊ वर्षांच्या जुन्या. "तुम्ही घेतलीत का?" असे मी विचारले नाही. आपण शिकलेल्या बायका, असे उघड थोडेच विचारतो! मी एवढेच म्हटले, "मावशी, काल कपाटाजवळ तुम्हीच होतात ना?" त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. पुढे काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून वेळेवर येत, काम करीत आणि मुकाट्याने जात.

मंगळवारी साखळी सापडली. माझ्याच जुन्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेली.

आता काय करायचे? पहिला विचार आला, की एक चांगली साडी घेऊन द्यावी. दुसरा आला, की पगार थोडा वाढवावा. "माझं चुकलं" हे दोन शब्द मात्र काही केल्या मनात येईनात. मैत्रिणींनो, देणे सोपे असते बरं का! देणाऱ्याचा हात वरच राहतो. क्षमा मागताना तो खाली आणावा लागतो. बुधवारी मावशी आल्या, गुरुवारी आल्या. मी आपली गप्पच.

गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये गेले. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. त्या काळी धुळीच्या रस्त्यांवरून माणसे चपला घालून चालत. आलेल्यांचे पाय धुणे हे घरातल्या नोकराचे काम. गुरूने कमरेला पंचा गुंडाळून ते करावे, हे पेत्राला सहनच होईना! पूर्वी या विधीसाठी फक्त पुरुषांनाच बसवावे असा नियम होता. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात मुलींचेही पाय धुतले. त्यांतली एक मुसलमान होती. पुढे २०१६ साली नियमच बदलला आणि स्त्रियांनाही त्यात स्थान मिळाले.

हा प्रसंग लहानपणापासून ऐकलेला. पण त्या दिवशी योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायातली एक गोष्ट पहिल्यांदाच ध्यानात आली. पाय धुण्याआधी येशूला पक्के ठाऊक होते, की आपण देवाकडून आलो आणि देवाकडेच चाललो आहोत. हे सांगितल्यावर मग येते, की तो उठला आणि त्याने पंचा घेतला. म्हणजे आपली किंमत ज्याला ठाऊक होती, तोच वाकला! ज्याला आपली किंमत सारखी दुसऱ्याला दाखवावी लागते, त्याला कसले वाकता येते?

इथे काही भगिनी म्हणतील, "अहो, नम्रतेचे धडे बायकांना आणखी किती देणार? जन्मभर तेच तर करतो!" खरे आहे. पण भीतीने मान खाली घालणे म्हणजे नम्रता नव्हे. त्याच रात्री येशूला पकडून नेल्यावर एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली. तेव्हा तो गप्प बसला नाही. माझे काही चुकले असेल तर दाखव, नाहीतर मारतोस का, असे त्याने सरळ विचारले. सकाळसंध्याकाळ पाणउतारा सोसणाऱ्या सुनेला "नम्र हो" म्हणून सांगणे हा धर्म नाही. नम्रता मोठ्याने लहानापुढे दाखवायची असते. मालकिणीने मोलकरणीपुढे, सासूने सुनेपुढे, आईने मुलापुढे.

पंडिता रमाबाईंचेच पहा ना. १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. एवढी संस्कृत विद्या असताना, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी उतारवयात काम कोणते घेतले? हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर. तेही पंडितांसाठी नव्हे, तर थोडे शिकलेल्या साध्या बायकांना कळेल अशा सोप्या भाषेत! १९२२ मध्ये त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून झाले. आपली विद्या त्यांनी लपवली नाही, ती दुसरीच्या हाताला लागेल एवढी खाली आणून ठेवली.

त्या रात्री आणखी एक शिकवण आठवली. वेदीवर अर्पण न्यायचे आणि कुणाचे मन आपण दुखावले आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून यायचे. ईस्टर तीन दिवसांवर होता.

शुक्रवारी सकाळी मी मावशींच्या घरी गेले. साडी नेली नाही. दारातच म्हणाले, "मावशी, साखळी माझ्याच पर्समध्ये होती. मी तुमच्यावर संशय घेतला. माझं चुकलं. मला क्षमा करा."

त्यांनी विचारले, "कधी सापडली?"

"मंगळवारी."

"मग ताई, तीन रात्री मला उगाच का जागवलंत?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. "घाई होती", "डोकं ठिकाणावर नव्हतं" असे काहीबाही ओठांवर आले होते, ते गिळले. थोड्या वेळाने मावशींनी चहा टाकला. एरवी मी "राहू द्या, उशीर होतोय" म्हणाले असते. पण पेत्र आठवला. दुसऱ्याकडून घेतानाही मान खाली करावी लागते! चटईवर बसले आणि दोन्ही हातांनी कपबशी घेतली.

तेव्हा मैत्रिणींनो, अनुभवाने सांगते. चूक कळली की त्याच दिवशी कबूल करा, उद्यावर ढकलू नका. "चुकलं, पण..." मधला 'पण' गाळा. चारचौघांत दुखावले असेल, तर क्षमाही चारचौघांतच मागा. आणि समोरची लगेच हसली नाही, तर तिला वेळ द्या. मावशी पुन्हा पूर्वीसारख्या बोलायला लागायला दोन महिने लागले. ते दोन महिने माझ्या वाट्याचेच होते.