मद्यासक्ती : प्राण्यांवरील संशोधन आणि पापनिवेदन

मद्य न पिण्याची शपथ घेतलेला मनुष्य ती वारंवार मोडून पुन्हा पापनिवेदनास येतो, तेव्हा त्याचा पश्चात्ताप खरा मानावा काय? हुबळी आणि धारवाड यांच्या दरम्यान वसलेल्या अमरगोळसारख्या ठिकाणी, बाजार आवारातील कष्टकऱ्यांमध्ये सेवाकार्य करताना, हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. कर्नाटकात जुलै २००७ पासून अरकाची विक्री बंद झाली; परंतु एक प्रकारची दारू बंद झाल्याने आसक्ती सुटत नाही, हे आपण जाणतो.

मद्य पिणे निराळे आणि त्यापायी यातना भोगूनही पीत राहणे निराळे. या दुसऱ्या अवस्थेचा अभ्यास शास्त्रज्ञांनी उंदरांवर केला आहे. स्वीडनमधील लिंशेपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मद्याची सवय लागलेल्या उंदरांपुढे गोड पाण्याचा पर्याय ठेवला. बहुतेकांनी मद्य सोडले. सुमारे १५ टक्के मात्र मद्यालाच चिकटून राहिले आणि पायांना विजेचा झटका बसू लागला तरी थांबले नाहीत. त्यांच्या मेंदूतील भावनांशी निगडित अशा एका भागात, मज्जापेशींना शांत करणारे रसायन आवरून घेणारे प्रथिन कमी पडले होते. मद्यासक्त असलेल्या मृत व्यक्तींच्या मेंदूतही तशीच उणीव आढळली.

२०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मद्यात कडू कोयनेल मिसळले गेले. काही उंदरांनी तोंड फिरविले, काही पीतच राहिले. सर्वांना मद्य सारखेच मिळाले होते. तरीही पुढे कोण अनावर होणार, याची खूण मेंदूच्या पुढील भागातून मेंदूच्या देठाकडे जाणाऱ्या पेशींच्या हालचालीत आधीच दिसत होती.

अर्थात उंदीर शपथ घेत नाही, पश्चात्तापही करीत नाही. म्हणून या प्रयोगांवरून मनुष्याची जबाबदारी संपली, असा निष्कर्ष काढता येणार नाही. परंतु सारखाच पेला सर्वांना सारखाच बांधत नाही, आणि बांधला गेलेला केवळ शिक्षेच्या भयाने सुटत नाही, एवढे त्यांतून निश्चित दिसते. सवयीमुळे कृत्याचा दोष उणावू शकतो, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथही कलम १७३५ मध्ये मान्य करतो. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौलाने इच्छा आणि कृती यांमधील हीच फूट वर्णिली आहे. पुन्हा पडण्याची भीती असली तरी सुधारण्याचा संकल्प खरा असू शकतो, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली स्पष्ट केले होते.

यावरून आपले कर्तव्य ठरते. नरकाच्या भयाचे प्रवचन अशा मनुष्यापुढे कोयनेलाहून अधिक परिणामकारक ठरेलच असे नाही. त्याची जबाबदारी आपण अधिक नेमक्या जागी ठेवावी : पहिला पेला टाळणे, मद्य घरात न ठेवणे, साहाय्य मागणे. दुसरी गोष्ट अत्यंत महत्त्वाची. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्यास एकाएकी मद्य सोडण्याची शपथ घालू नये. त्यामुळे कंप, भ्रम, झटके येऊन प्राणावर बेतू शकते. त्यास प्रथम वैद्यकीय देखरेखीखाली न्यावे. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आपल्याला जवळच आहे. धर्मशिक्षकांनी त्याच्या पत्नीस व मुलांस हेच समजावून सांगावे.

शपथ मोडून परत आलेला मनुष्य परत आलेला आहे, ही गोष्ट आपण प्रथम ध्यानी घ्यावी.