संखलाबुरी : बुडालेलं गाव आणि लाकडी पूल

थायलंडच्या पश्चिमेला कांचनाबुरी नावाचा प्रांत आहे. या नावातले 'कांचन' आणि 'पुरी' हे दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे. याच प्रांताच्या टोकाला, म्यानमारच्या सीमेला खेटून संखलाबुरी हा 'अम्फो' आहे. अम्फो म्हणजे साधारण आपला तालुका.

सगळा मुलूख डोंगरांचा आणि दाट जंगलाचा. सोंगकालिया, बिक्ली आणि रांती या तीन नद्या इथे मिळतात आणि पुढे ख्वे नोई म्हणून वाहतात. जवळच 'तीन पॅगोडांची खिंड' आहे. ब्रह्मी आणि सयामी फौजा शतकानुशतकं याच वाटेने ये-जा करत. दुसऱ्या महायुद्धात जपानने १९४२-४३ मध्ये ४१५ किलोमीटरचा रेल्वेमार्ग याच खिंडीतून नेला. त्या कामावर युद्धकैद्यांबरोबर मलायातल्या रबरमळ्यांतले तमिळ मजूरही राबले आणि हजारोंनी मेले.

इथे थाई, कारेन आणि मोन असे तिन्ही लोक राहतात. बरेचसे मोन ब्रह्मदेशातल्या अशांततेमुळे सीमा ओलांडून आले. त्यांचा आधार होते लुआंग फो उत्तमा (१९१०–२००६) हे मोन भिक्खू. नद्यांच्या संगमाजवळ त्यांचा विहार उभा राहिला आणि भोवती गाव वसलं.

मग धरण आलं. १९८४ मध्ये पाणी अडवलं गेलं आणि जुनं गाव विहारासकट जलाशयात गेलं. तालुक्याची कचेरी आणि थाई वस्ती एका काठावर हलली. पण अनेक मोन कुटुंबांकडे नागरिकत्वाची कागदपत्रं नव्हती, त्यामुळे पुनर्वसनाची जमीन मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना उत्तमांनी दुसऱ्या काठावर, नव्या विहाराच्या जमिनीवर घरं बांधू दिली. तिथे बुद्धगयेच्या मंदिराच्या धर्तीवर चेदीही उभारली.

दोन काठ जोडायला १९८६-८७ च्या सुमारास मोन लोकांनी लाकडी पूल बांधला. तो थायलंडमधला सर्वांत लांब लाकडी पूल मानला जातो. त्याचं अधिकृत नाव आहे 'उत्तमानुसोन', म्हणजे उत्तमांचं अनुस्मरण.

आता कारभाराकडे पाहू. अम्फोचा प्रमुख 'नाय अम्फो' निवडून येत नाही, त्याला गृहमंत्रालय नेमतं. तालुक्याचे भाग म्हणजे 'ताम्बोन'. संखलाबुरीत ते तीन आहेत : नोंग लू, प्रांग फ्ले आणि लाय वो. गावाचा प्रमुख 'फू याय बान' मात्र गावकरी निवडतात. १९९४ च्या कायद्यानंतर ताम्बोनांना निवडून दिलेल्या स्थानिक संस्थाही मिळाल्या. पण मतदानाला नागरिकत्व लागतं, आणि सीमेवरच्या अनेक कुटुंबांना ते मिळायला पिढ्या लागल्या. काहींना अजूनही मिळालेलं नाही.

जुलै २०१३ मध्ये पुरात वाहत आलेल्या ओंडक्यांनी पुलाचा मधला भाग कोसळला. गावकऱ्यांनी काही दिवसांतच शेजारी बांबूचा तरंगता पूल तयार केला. लाकडी पुलाच्या दुरुस्तीचं काम ठेकेदाराकडे गेलं, पण ते मुदतीत झालं नाही. शेवटी सैनिक आणि गावकऱ्यांनी मिळून ते पूर्ण केलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये पूल पुन्हा खुला झाला.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुना विहार वर येतो. पर्यटक तिथे फोटो काढतात, आणि वयस्क मोन माणसं फुलं वाहतात.