जुलीचं बाळंतपण

डिसेंबरची थंडी आणि आमच्या लॅब्रॅडोर जुलीचे दिवस भरलेले. कुत्रीचे साधारण ६३ दिवस. मी कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या होत्या. अंगणात सोय करायचा प्रश्नच नव्हता. कुत्र्यासाठी बिबट्या वस्तीत शिरतो, हे चंद्रपूरकरांना काय सांगायचं! तेव्हा बाळंतिणीची खोली थेट देवघराशेजारी. "कुत्रीचं एवढं कौतुक?" सासूबाई पुटपुटल्याच.

पहाटेपर्यंत सात पिल्लं झाली. सातवं मात्र गारठलेलं, हालेचना. मी दुधाकडे धावले, तर सासूबाईंनी हात धरला. "अगं, आधी शेक दे. गार पोटात दूध पचत नाही."

फोनवर डॉक्टरही तेच म्हणाले. पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही म्हणे. मग गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळली, पिल्लू शेजारी ठेवलं. तासाभरानं ते चुळबुळलं, तेव्हा कुठे जुलीच्या आचळाला लावलं. पहिल्या दिवसाचा चीक पोटात जायलाच हवा ना!

बाराव्या दिवशी डोळे उघडले. आता आठ आठवडे झालेत, पहिली लसही झाली. सहा पिल्लांची घरं ठरली. सातव्याचं कुणी विचारलं, की सासूबाई म्हणतात, "ते अजून लहान आहे."