रस्ता आणि गुंठा – ९ : पुतण्याने काय शिकावं?

खेडच्या भरणे नाक्यावर लिहायचं कबूल केलं होतं, पण ते या आठवड्यात होत नाही. गेल्या खेपेचा खेडचा नकाशा ज्यांनी जपून ठेवलाय त्यांनी तो आणखी थोडे दिवस जपावा. घाणेखुंटहून एका वाचकांचं पत्र आलं आणि आमची गाडी त्या फाट्याला वळली.

त्यांचा पुतण्या सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे दोन वाटा दिसतात. रस्त्याच्या ठेकेदाराकडे साइटवर उभं राहायचं, नाहीतर चिपळुणात बिल्डरच्या ऑफिसात बसायचं. काका लिहितात, "रस्ता आणि जमीन ही एकच गोष्ट आहे असं तुम्ही दोन महिने सांगताय. मग दोन्हीचं मिळून काम करणारी नोकरी कुठे असते, की ती फक्त तुमच्या लेखातच असते?"

टोमणा आवडला. उत्तर मात्र लोट्यातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर बसलेलं सापडेल. आखणी कुठून जाणार, पूल कुठे पडणार, सर्व्हिस रोड कुठे तुटणार हे ज्याला चार दिवस आधी कळतं, तो चार दिवस आधी विसार देऊन येतो. आपण त्याला एजंट म्हणतो. वाहतूक आणि जमीन यांचं नातं त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. रस्त्यामुळे गुंठ्यामागे जी वाढ होते ती तो आणि त्याचं गिऱ्हाईक वाटून घेतात, रस्त्याच्या वाट्याला काही येत नाही, एवढंच. ही वाढ रस्त्याकडे परत आणायची विद्या पुतण्याने शिकावी असं माझं म्हणणं.

ही विद्या एका माणसाच्या आयुष्यात नीट दिसते. शिरीष पटेल. मुंबईच्या केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल त्यांनी आखला. साल १९६५, देशातला पहिला उड्डाणपूल. केंब्रिजला शिकलेला हा इंजिनिअर त्याआधी कोयनेच्या धरणावरही होता. कोयनेच्या विजेचं पाणी पोफळीला सुटून वाशिष्ठीत येतं आणि आपल्या परशुराम घाटाखालून खाडीला जातं, तेव्हा लांबून का होईना, पटेलांचं आपल्याशी पाण्याचं नातं लागतं. (हे उगाच. पण लिहिल्यावाचून राहवेना.)

चौकातली कोंडी फोडण्यासाठी पूल बांधणाऱ्याला पहिल्यांदा कळतं की कोंडी पुढच्या चौकात गेली. बहुतेकजण मग पुढच्या चौकाच्या पुलाचं टेंडर भरतात. पटेलांनी त्याच १९६५ साली चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता या दोन वास्तुविशारदांबरोबर 'मार्ग' या त्रैमासिकात वेगळंच मांडलं. मुंबई ही उभी, चिंचोळी पट्टी. सकाळी गाड्या दक्षिणेला भरून जातात आणि उलट्या दिशेने रिकाम्या येतात. रूळ कितीही वाढवले तरी निम्मे डबे रिकामेच धावणार. तेव्हा माणसं वाहून नेण्याची सोय वाढवत बसू नका, ती ज्यासाठी जातात ते ऑफिसच खाडीपलीकडे न्या. वाहतुकीच्या दुखण्याला जमिनीचं औषध! नवी मुंबईची कल्पना ती हीच. १९७० मध्ये ती वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ निघालं आणि नवी मुंबईच्या आखणीचं काम पटेलांकडे आलं.

पैशाचं गणित असं. शेताच्या भावाने जमीन घ्यायची, रस्ते, पाणी, गटारं करायची, मग भूखंड वाढीव भावाने विकायचे आणि त्या वाढीतून पुढचे रस्ते. रेल्वेसुद्धा त्यातूनच. मे १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल वाशीला गेली. त्या मार्गाच्या खर्चात शंभरातले ६७ रुपये सिडकोचे होते, ३३ रेल्वेचे. रूळ आले की आजूबाजूचा भूखंड महागणार हे ठाऊक असलेल्यानेच रुळांचा मोठा वाटा उचलला. दादर-कुर्ल्याचं स्टेशन आठवा आणि मग वाशीचं. वाशीत प्लॅटफॉर्मच्या डोक्यावर ऑफिसं आहेत, त्यांतून उत्पन्न येतं आणि तिथे कामाला येणारा माणूस गाडीचं तिकीटही काढतो.

जपानात इचिझो कोबायाशी नावाच्या बँकेतल्या माणसाने हे १९१० मध्येच ओळखलं होतं. ओसाकातून शेतांतून जाणारी त्याची रेल्वे, तिकीट काढायला माणूस नाही. त्याने रुळालगत जमीन घेऊन घरं बांधली आणि हप्त्याने विकली. दुसऱ्या टोकाला मुलींचं संगीत नाटक काढलं, म्हणजे सुट्टीच्या दिवशीही गाडी रिकामी नको. हांक्यू ही कंपनी ती. आपला पुतण्या एवढं करेल असं नाही, पण हिशेब हाच.

आता या हिशेबातली दोन भोकं. पहिलं सरकारने पाडलं. सचिवालय पलीकडे जायचं होतं, ते गेलं नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून ऑफिसांचे भूखंड निघाले, म्हणजे माणसांचा लोंढा पुन्हा दक्षिणेच्या टोकालाच. दुसरं भोक गणितातच होतं आणि मला ते जास्त खुपतं. "शेताच्या भावाने जमीन घ्यायची" हे मी वर किती सहज लिहून गेलो! ९५ गावांतल्या ज्या आगरी-कोळ्यांची ती शेतं आणि मिठागरं होती, त्यांच्या खात्यात ती वाढ कुठेच धरलेली नव्हती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या जासईच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाचजण गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. रस्त्याचा वाटा काढताना मूळ खातेदाराचा वाटा आधी काढायचा असतो, हे इंजिनिअरिंगच्या पुस्तकात नव्हतं. आता असायला हवं. आपल्याकडे तर एका सातबाऱ्यावर वीस नावं, त्यांतली बारा मुंबईला. मोबदल्याची नोटीस वाडीत येते आणि सही करणारा विरारला असतो.

पटेल पुढे बरीच वर्षं एफएसआयवर लिहीत राहिले. भूखंडावर किती मजले चढवायचे हे सगळेच विचारतात. ते विचारत, की त्या मजल्यांवरची माणसं खाली उतरली की रस्त्यावर दर हेक्टरी किती होतील? रस्ता तेवढाच ठेवून मजले वाढवले तर गर्दी फुटपाथवर येते, ही साधी गोष्ट. तरी रस्त्याच्या आणि जमिनीच्या अशा दोन्ही खुर्च्यांवर बसल्याशिवाय ती दिसत नाही.

तर पुतण्याने काय शिकावं? पवईच्या आयआयटीत ट्रान्सपोर्टेशन आहे, पुण्याच्या सीओईपीत टाउन प्लॅनिंग. एक शिकावं आणि दुसऱ्याची पुस्तकं चोरून वाचावीत. नोकरी सिडको, एमएमआरडीए, मेट्रो अशा ठिकाणी असते, आणि आता आपल्या दारातही येतेय. रेवस-रेड्डी सागरी महामार्गालगतच्या विकास केंद्रांसाठी २०२४ मध्ये एमएसआरडीसीलाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. रस्ता बांधणाऱ्याच्याच हातात आजूबाजूच्या जमिनीचा आराखडा. संधी मोठी, आणि जासई विसरली तर धोकाही तेवढाच.

नोकरी लागेपर्यंत त्याने एक काम करावं. एक वही घ्यावी, मध्ये रेघ ओढावी. लोट्याच्या फाट्यावर उभं राहून डावीकडे टँकर, कंपन्यांच्या बस, दुचाकी, रिक्षा आणि पायी चालणारे मोजावेत. कोण खेडकडे, कोण चिपळूणकडे आणि कोण रस्ता ओलांडून आवाशी-गुणद्याच्या खोल्यांकडे, तेही लिहावं. उजवीकडे त्याच फाट्यापासून शंभर, पाचशे आणि हजार पावलांवर गुंठ्याला काय मागतात ते. कारखान्याच्या हिशेबाने वसलेल्या या गावात कामगाराचं घर कुठे असायला हवं होतं, ते त्या रेघेच्या दोन्ही बाजू एकत्र वाचल्या की दिसेल. वही भरली की मला आणून दाखवावी, भरणे नाक्याच्या लेखाला उपयोगी पडेल. फक्त मोजणी दुपारच्या शांत वेळात करू नये. पाळी सुटायच्या अर्धा तास आधी उभं राहावं, आणि भाव विचारताना सिव्हिलला आहे हे सांगू नये.