धार कोणी लावायची?

वस्तरा मागे पडला तो कापायचा म्हणून, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तारखांशी जुळत नाही. पात्यापुढे आडोसा असलेला रेझर न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० मध्येच काढला होता. त्याने कापण्याची भीती बरीच कमी झाली, तरी पुढची वीस वर्षे वस्तऱ्याचे फारसे बिघडले नाही. कारण काम्फेंच्या रेझरचे जाड पातेही वस्तऱ्यासारखेच चामड्यावर घासावे लागे. धोका कमी झाला, काम तसेच राहिले. माझ्या मते वस्तऱ्याचा निकाल लावला तो या कामानेच.

हे काम होते नाजूक. अठराव्या शतकात शेफील्डच्या बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवलेले एकजीव पोलाद काढले आणि अतिशय बारीक धार टिकवणारी पाती शक्य झाली. पुढे पात्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासू लागले. पाठ जाड राहिली, धारेकडचा भाग कमालीचा पातळ झाला. अशी रचना मोठी हुशारीची आहे. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही टेकतात आणि घासण्याचा कोन आपोआप सांभाळला जातो. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे ठेवूनच वस्तरा ओढायचा, टोकाला पोचल्यावर पाठीवरच उलटायचा. धारेवर उलटला तर चामडेही कापले जाते आणि धारही जाते. हे प्रत्येक दाढीआधी करायचे, शिवाय अधूनमधून दगड. याला सुटका नाही, कारण पोलादापेक्षा कितीतरी मऊ असलेला केससुद्धा धारेचे सूक्ष्म टवके काढतो. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले.

अमेरिकेच्या किंग जिलेटने वापरून फेकून द्यायचे ब्लेड आणून नेमके हेच काम ग्राहकाच्या हातून काढून घेतले. पातळ पत्र्याला कडक धार देण्याचे तंत्र विल्यम निकर्सनने बसवले आणि १९०३ मध्ये विक्री सुरू झाली. त्या वर्षी खपले अवघे ५१ रेझर. पहिल्या महायुद्धात मात्र अमेरिकी सैन्याने सुमारे ३५ लाख संच घेतले. खंदकात पट्टा टांगून धार लावत कोण बसणार?

स्वस्ताईमुळे ब्लेड जिंकले, असेही कोणी म्हणेल. पण जिलेटचा संच पाच डॉलरचा होता, तेव्हाच्या कामगाराला परवडायला अवघड. वर ब्लेडचा खर्च कायमचा. चांगला वस्तरा बापाकडून मुलाकडे जाई. लोकांनी पैसे मोजले ते धार लावण्यातून सुटण्यासाठी.

आपल्याकडचा अनुभवही हेच सांगतो. गावगाड्यात दगड आणि पट्टा दोन्ही न्हाव्याच्या धोपटीत असत. वस्तरा पाजळणे हे त्याचे कसब, आणि बलुत्याच्या धान्यात त्याचाही मोबदला आला. गिऱ्हाइकाला धारेचा त्रास नव्हता, म्हणून घरोघरी ब्लेड पोचल्यावरही सलूनमध्ये वस्तरा टिकला. तिथून तो एड्सच्या भीतीने गेला, मग माझे म्हणणे खोटे पडत नाही का? भीती खरी होती आणि दर गिऱ्हाइकाला नवी धार वापरणे योग्यच आहे. पण बदलले काय ते पाहा. मूठ तीच, हाताची ढब तीच, उघडी धार गळ्यावर तशीच फिरते. फक्त पात्याच्या जागी मधोमध मोडलेले अर्धे ब्लेड बसते आणि दाढी झाली की फेकले जाते. कापण्याचा धोका लोकांनी आजही पत्करला आहे. सलूनमधून गेले ते दगड आणि पट्टा.